कुत्र्यांचा कर आणि चाळीस वर्षांचे घड्याळ

६ नोव्हेंबर २०१२ या दिवशी अमेरिकेने बराक ओबामांना दुसऱ्यांदा निवडून दिले, एवढे बहुतेकांच्या लक्षात असेल. त्याच दिवशी फ्लोरिडा राज्यातील मायामी-डेड काउंटीच्या मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न छापलेला होता. बेवारस कुत्र्या-मांजरांची संख्या कमी करण्यासाठी, त्यांच्या निर्बीजीकरणासाठी आणि काउंटीच्या प्राणी निवाऱ्यातील हत्या थांबवण्यासाठी तुमच्या घरपट्टीत थोडी वाढ केली तर चालेल काय? सर्वसाधारण घरामागे वर्षाला वीस डॉलरच्या आसपास बोजा पडणार होता. शंभरातील सुमारे पासष्ट मतदारांनी ‘चालेल’ असा कौल दिला. घरपट्टी वाढवा म्हणून आपण होऊन सांगणारा मतदार मी माझ्या आयुष्यात पाहिलेला नाही. आपणही पाहिला नसेल.

गंमत पुढेच आहे. काउंटीने हा कर घेतला नाही. तो कौल कायद्याने बंधनकारक नव्हता, केवळ लोकमत अजमावण्यासाठी होता. जुलै २०१३ मध्ये महापौर कार्लोस गिमेनेझ यांनी आधी ग्रंथालये, अग्निशमन आणि प्राणी सेवा यांच्यासाठी करवाढ सुचवली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. काउंटीच्या सभागृहाने दर होता तसाच ठेवला. लोक देतो म्हणत असताना सरकारने नको म्हणावे, हे कोडे वाटते. पण त्याचे उत्तर दोन वर्षे मागे सापडते. मार्च २०११ मध्ये याच काउंटीच्या मतदारांनी आधीचे महापौर कार्लोस अल्वारेझ यांना परत बोलावले होते, आणि त्यांच्यावरचा मुख्य राग घरपट्टी वाढवल्याचा होता. शंभरातील ८८ मते त्यांच्या विरोधात पडली. त्यांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने कराचे नाव काढताना हात आखडता घेतला तर त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. माझ्याच्याने ते म्हणवत नाही.

काउंटी म्हणजे काय, हे सांगायला हवे. आपण तिला जिल्हा म्हणून मोकळे होतो, पण आपल्या जिल्हा परिषदेशी तिचे साम्य अर्धेमुर्धेच. मायामी-डेडची लोकसंख्या सुमारे २७ लाख. तिच्या पोटात मायामीसह ३४ स्वतंत्र शहरे आहेत आणि उरलेला मोठा भाग थेट काउंटीच्या ताब्यात. थेट निवडून आलेला महापौर, १३ सदस्यांचे सभागृह, आणि विमानतळापासून बेवारस मांजरापर्यंत सगळा कारभार. १९९७ पर्यंत तिचे नाव नुसते ‘डेड’ होते. मायामी हे शब्द जगाला ठाऊक म्हणून लोकांनी मत देऊन ते पुढे जोडून घेतले. कामांची वाटणी मात्र शहर आणि काउंटी यांच्यात अशी काही गुंतलेली आहे की प्राणी निवारा सगळ्या काउंटीचा एक, आणि इमारत तपासणी मात्र ज्या त्या शहराची स्वतःची. ही वाटणी लक्षात ठेवावी, तिचे काम पुढे पडणार आहे.

नव्वद टक्क्यांचा हिशेब

सरकारी निवाऱ्याची अडचण खासगी संस्थेला कधी कळत नाही. खासगी आश्रम जागा भरली की दार लावून घेतो. सरकारी निवाऱ्याला दार लावता येत नाही, निदान तशी अपेक्षा असते. पिंजरे भरले आणि नवी जनावरे येतच राहिली की मागच्या दाराने काय करायचे, हा प्रश्न रोज सकाळी तिथल्या पशुवैद्यकापुढे उभा राहतो. अमेरिकेत कित्येक दशके याचे उत्तर इंजेक्शनची सुई हेच होते. पुढे लोकमत फिरले आणि एक मापदंड रूढ झाला: निवाऱ्यात आलेल्या शंभरांपैकी नव्वद प्राणी जिवंत बाहेर पडले, तर तो निवारा ‘हत्यामुक्त’ समजायचा. मायामी-डेडच्या सभागृहाने २०१२ मध्येच हे उद्दिष्ट ठरावाने स्वीकारले होते. कर न घेताही पुढच्या काही वर्षांत काउंटी त्या आकड्याच्या आसपास पोचली, आणि २०१६ मध्ये डोरल येथे निवाऱ्याची नवी, ऐसपैस इमारतही उभी राहिली.

मग करवाढ नाकारणारे बरोबर होते की काय? त्यांचे म्हणणे तसेच आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण टक्केवारीचा हा हिशेब कशावर बेतलेला आहे, ते पाहा. शंभर म्हणजे निवाऱ्याच्या आत आलेले शंभर. जे कुत्रे आतच घेतले नाही, ‘पुढच्या आठवड्यात आणा’ म्हणून ज्याच्या मालकाला परत पाठवले, जे रस्त्यावरच राहिले, ते या हिशेबात येतच नाही. नव्वदचे ब्याण्णव करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, अधिक प्राणी वाचवणे. दुसरा, अवघड प्राणी आत न घेणे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. मायामीत कराची मागणी करणाऱ्या चळवळीचा रोख मुळात निर्बीजीकरणावर होता. म्हणजे निवाऱ्याच्या आतला आकडा सुधारण्यापेक्षा रस्त्यावरचा आकडा खाली आणण्यावर. ते काम गल्लोगल्ली माणसे पाठवून करायचे असते, आणि त्यासाठी नवी इमारत उपयोगी पडत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण मतदार नावाच्या माणसाची ओळख तिच्यातून होते. याच काउंटीत १९८९ पासून पिट बुल जातीचे कुत्रे पाळायला बंदी होती. ऑगस्ट २०१२ मध्ये ती उठवावी काय, असे विचारले तेव्हा लोकांनी मोठ्या बहुमताने ‘नको’ म्हटले. आणि तीन महिन्यांनी त्याच लोकांनी कुत्र्यांसाठी कर द्यायची तयारी दाखवली. भीती आणि कणव एकाच माणसाच्या खिशात सुखाने नांदतात. (ती बंदी अखेर २०२३ मध्ये राज्याच्याच कायद्याने संपली.)

घड्याळ चाळिसाव्या वर्षी वाजणार होते

आता दुसरी गोष्ट. २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमाराला, सर्फसाइड या समुद्रकाठच्या छोट्या शहरात ‘चॅम्पलेन टॉवर्स साउथ’ ही बारा मजली इमारत अर्धीअधिक कोसळली. झोपेत असलेली ९८ माणसे गेली. इमारत १९८१ ची. तिच्यात १३६ सदनिका होत्या.

हे घडले तेव्हा आपल्याकडे अनेकांचा सूर असा होता की, अमेरिकेतही नियम नसतातच म्हणायचे. वस्तुस्थिती उलटी आहे. त्या काळात फ्लोरिडात बहुतेक ठिकाणी जुन्या इमारतींच्या फेरतपासणीचा नियम नव्हता, पण मायामी-डेडमध्ये तो होता, आणि तोही १९७० च्या दशकापासून. ऑगस्ट १९७४ मध्ये मायामीच्या मध्यवस्तीत सरकारी कचेरीची एक इमारत पडून सात माणसे मेली. त्यानंतर चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मोठ्या इमारतीने अभियंत्याकडून तपासून घेऊन पुन्हा दाखला घ्यावा, असे काउंटीने ठरवले. चॅम्पलेन टॉवर्सची चाळिशी २०२१ मध्येच भरत होती.

या तपासणीची तयारी म्हणून रहिवाशांच्या मंडळाने २०१८ मध्ये अभियंता नेमला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील अहवालात त्याने स्पष्ट लिहिले होते की, पोहण्याच्या तलावाच्या चौथऱ्याखालील जलरोधक थर निकामी झाला असून त्याखालच्या काँक्रीटच्या स्लॅबचे गंभीर नुकसान झाले आहे. पुढच्याच महिन्यात शहराचा इमारत अधिकारी रहिवाशांच्या सभेला आला आणि इमारत चांगल्या स्थितीत आहे असे त्याने सांगितल्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात आहे. दुरुस्तीचा अंदाज तेव्हा नऊ दशलक्ष डॉलरच्या घरात होता. वाद, राजीनामे, नवी समिती, पुन्हा वाद असे करत तो पंधरा दशलक्षांवर गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये वर्गणी ठरली: लहान सदनिकेला ऐंशी हजार डॉलर, सर्वांत मोठीला सव्वातीन लाखांहून जास्त. राखीव निधीत आठ लाख डॉलरही नव्हते. पहिला हप्ता भरण्याच्या तारखेला आठवडा उरला होता.

कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या वाचकाला यातले काहीही परके वाटणार नाही.

सर्फसाइडची वस्ती सहा हजारांच्या आतली. अशा गावाचे इमारत खाते ते केवढे असणार? मघाशी म्हटले ती वाटणी इथे आठवावी. काउंटीचा नियम, पण अंमल चौतीस शहरांनी आपापल्या बळावर करायचा. आणि हे बळ कशावर ठरते? फ्लोरिडाच्या कायद्यानुसार बांधकाम परवान्यांच्या फीतून जमलेला पैसा फक्त बांधकाम संहितेच्या अंमलबजावणीसाठीच वापरायचा असतो. ऐकायला उत्तम. पण फी येते ती मुख्यतः नव्या बांधकामातून. नवे टॉवर उभे राहत असले की तपासनीस भरपूर, आणि तेही नव्या टॉवरवर गुंतलेले. २००८ सारखी मंदी आली की फी आटते, तिच्याबरोबर खातेही आटते. जुनी इमारत मात्र तेजीत आणि मंदीत सारख्याच गतीने जुनी होत असते. खारा वारा लोखंडाला खाताना परवान्यांची आवक विचारत नाही.

दुर्घटनेनंतर काय बाहेर आले, ते अधिक बोलके आहे. महापौर डॅनिएला लेविन कावा यांनी चाळीस वर्षांवरील इमारतींचा तीस दिवसांत आढावा घेण्याचे फर्मान काढले. आठवड्याभरात नॉर्थ मायामी बीच शहरातील क्रेस्टव्ह्यू टॉवर्स ही १५६ सदनिकांची इमारत रातोरात रिकामी करण्यात आली. ती असुरक्षित असल्याचा अभियंत्याचा अहवाल जानेवारीचा होता. तो शहराच्या हाती आला २ जुलैला. मधले सहा महिने तो कागद आहे की नाही, हे विचारायलाही कोणी गेले नव्हते.

मात्र एका बाबतीत घाईने निष्कर्ष काढू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने या दुर्घटनेचा जो तपास हाती घेतला, त्यात तलावाच्या चौथऱ्याची मूळ रचनाच तेव्हाच्या संहितेला उतरत नव्हती, असे आढळले. म्हणजे दोष चाळीस वर्षांच्या म्हातारपणाचा जितका, तितकाच पहिल्या दिवसाचा. घड्याळ चाळिसाव्या वर्षी वाजणार होते. चूक १९८१ मध्येच झाली होती आणि त्या वेळी नकाशावर कोणीतरी सही केली होती. मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो.

फ्लोरिडाने मे २०२२ मध्ये सगळ्या राज्याला लागू होणारा कायदा केला. तीन मजले आणि त्याहून उंच सदनिका-इमारतींची तपासणी तीस वर्षांनी, किनाऱ्याजवळ पंचवीस वर्षांनी, नंतर दर दहा वर्षांनी. शिवाय रचनेच्या दुरुस्तीचा राखीव निधी सक्तीचा. त्याचा चटका बसला तो निवृत्त, ठरावीक उत्पन्नावर जगणाऱ्या वृद्धांना. महिन्याचा देखभाल खर्च एकदम इतका चढला की अनेकांना घर विकणे भाग पडले. शेवटी २०२५ मध्ये राज्याला निधीच्या अटी काहीशा सैल कराव्या लागल्या. तीस वर्षे न भरलेली वर्गणी तीन वर्षांत वसूल करायला गेले की असेच होते. यात खलनायक शोधून सापडत नाही, हीच तर अडचण.

तो एक आठवडा

हे सगळे सांगण्याचे कारण आपल्याकडचा ऑगस्ट २०२५ चा शेवटचा पंधरवडा. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने दिल्ली परिसरातील सगळी भटकी कुत्री आठ आठवड्यांत उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. देशभर रण पेटले. २२ ऑगस्टला त्रिसदस्य पीठाने तो बदलला: निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री पुन्हा जागेवर सोडा, फक्त पिसाळलेली आणि आक्रमक ठेवून घ्या. घराघरांत भाऊ-बहिणींची तोंडे दोन दिशांना झाली. त्यानंतर पाचच दिवसांनी, गणेश चतुर्थीच्या रात्री उजाडण्यापूर्वी, विरारची रमाबाई अपार्टमेंट ही चार मजली इमारत पडली आणि सतरा जण गेले. तिथे एका वर्षाच्या मुलीचा पहिला वाढदिवस साजरा होत होता. कुत्र्यांवरची चर्चा पुढे कित्येक आठवडे चालली. विरारची चर्चा गणपतीच्या विसर्जनाआधीच संपली.

दोन्हींत मला एकच प्रश्न दिसतो: जाऊन पाहणार कोण? वसई-विरार महापालिकेत तेव्हा पाच वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासकाचा कारभार होता. मायामीत लोकांनी दिलेला कौल सभागृहाने बाजूला ठेवला. इथे कौल विचारायलाही कोणी बसलेले नव्हते.

नियमांची मात्र आपल्याकडे वाण नाही. मुंबई महापालिकेच्या कायद्यातील कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांवरील इमारतीला संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत तर पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा आणि तीसच्या पुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितले आहे. फ्लोरिडापेक्षा कडक! पण रमाबाई अपार्टमेंट तेरा वर्षांची होती आणि अनधिकृत होती. २०२० साली महाडला पडलेली इमारत तर दहा वर्षांचीही नव्हती. २०१३ मध्ये मुंब्र्यात ७४ जणांना गाडून घेणाऱ्या इमारतीचे बांधकाम अजून सुरूच होते. वयाचे घड्याळ यांच्यापर्यंत पोचतच नाही. इथे हवा होता तो पाया भरताना, पहिला स्लॅब पडताना जागेवर येणारा कनिष्ठ अभियंता, आणि काम थांबवायचे त्याला असलेले पाठबळ. तोच अभियंता फेरीवाले, मंडप, खड्डे, पावसाळ्याआधीच्या नोटिसा आणि निवडणुकीची कामेही करत असतो.

आमच्या स्वतःच्या सोसायटीचे ऑडिट झाले तेव्हा मी मुद्दाम अभियंत्याबरोबर फिरलो. गृहस्थ सज्जन होते. हातोडीने चार ठिकाणी ठोकले, गच्चीतली ओल पाहिली, तळमजल्याच्या खांबांचे फोटो काढले. पन्नास मिनिटांत काम आटोपले. अहवाल वॉर्ड ऑफिसात जमा केल्याचा शिक्का सेक्रेटरींनी फाइलला लावून ठेवला. तो पुढे कोणी वाचतो काय, असे मी शिक्का मारणाऱ्या कारकुनाला विचारले. तो म्हणाला, “काका, आला की नाही एवढं बघतो आम्ही.” त्याने खरे सांगितले याबद्दल मला त्याचा आदर वाटला.

कुत्र्यांचे तेच. २००१ चे आणि आता २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम वाचले तर त्यांत काही कमी नाही. काम करणारी संस्था मान्यताप्राप्त हवी, शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच हवी, जिथून पकडले तिथेच सोडायला हवे, आणि काढलेले अवयव जपून ठेवून देखरेख समितीने ते मोजून खात्री करायला हवी. संस्थेला पैसे कुत्र्यामागे मिळतात, म्हणून ही मोजणी. वाचताना नको वाटते, पण नियम शहाण्या माणसाने केलेला आहे. प्रश्न असा की ती मोजायला बसते कोण? एखाद्या भागातील दहापैकी सात कुत्री थोड्या काळात निर्बीज झाली तरच संख्या आटोक्यात येते, असे या विषयातले जाणकार सांगतात. वर्षाला थोडी थोडी करत राहिले तर उरलेली तूट भरून काढतात. आमच्या गल्लीत अकरा कुत्री आहेत. संध्याकाळी फिरताना मी कान पाहिले. खाच चौघांना आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, एसटी स्थानके अशा आवारांतली कुत्री काढून निवाऱ्यात हलवण्याचा आणि त्यांना तिथे परत न सोडण्याचा आदेश दिला. तो योग्य की अयोग्य, यावर घरोघरी मते आहेत. चावा बसलेल्या मुलाच्या आईचे मत मला समजते. पण परत सोडायचे नाही म्हटल्यावर निवारा हा दवाखाना राहत नाही, वसतिगृह होतो. दररोज खाणे, झाडलोट, पशुवैद्यक, रात्रीचा पहारेकरी, आणि या सगळ्यांवर अचानक येऊन पाहणारा कोणी. मायामी-डेडने दहा वर्षे जो हिशेब सोडवण्याचा प्रयत्न केला, तोच आपल्या महापालिकांपुढे येतो: पिंजरे भरले की पुढे काय? अंदाजपत्रकात निवाऱ्याच्या बांधकामाला तरतूद मिळेल, कारण तिथे कोनशिला बसवता येते. तपासनिसाच्या पगाराला कोनशिला नसते. ‘आस्थापना खर्च’ या नावाखाली तो कापण्याच्या यादीत पहिला येतो, आणि त्या कपातीचे आपणच काटकसर म्हणून स्वागत करतो.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपले अधिकारी व कर्मचारी यांची यादी आणि त्यांचे वेतन न मागता प्रसिद्ध करायचे असते. मंजूर पदे किती आणि रिकामी किती, हे मात्र बहुधा विचारावे लागते. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवसांची. मी आमच्या वॉर्डासाठी दोन प्रश्न लिहून दिले आहेत. इमारत आणि कारखाने विभागात जागेवर जाऊन पाहणी करणाऱ्या अभियंत्यांची पदे किती, त्यांतली भरलेली किती. आणि कुत्र्यांच्या निर्बीजीकरणावरील देखरेख समितीच्या गेल्या वर्षभरात बैठका किती झाल्या, त्यांची इतिवृत्ते कुठे पाहायला मिळतील. अर्ज गेल्या सोमवारी दाखल केला.